जोहार ऐकला, दार उघडले का?

वारीत भेटेल त्याला आम्ही माउली म्हणतो आणि वाकून त्याच्या पायांना हात लावतो. पण त्याच वाटेच्या कडेला बोटे झडलेला कुष्ठरोगी बसलेला दिसला, की आमचे पाऊल आपसूक दुसऱ्या बाजूस पडते. नाणे टाकतो, तेही वरून. असे का व्हावे?

कारण आमच्या मनात रोग असतो, माणूस नसतो.

श्रीएकनाथमहाराज पैठणचे ब्राह्मण. पण जोहार रचताना त्यांनी महाराचा 'मी' आपल्या जिभेवर घेतला. आणि ध्यानात घ्या, नाथांचा महार नुसता कण्हत नाही. तो देहरूपी गावाचा कारभार सांगतो, शहाण्यांना जागे करतो. दुसऱ्याच्या जागी मनाने जायचे ते असे. त्याचे दुःखच तेवढे कल्पिले, तर हाती कीव येते. त्याचे शहाणपण, त्याची भक्ती कल्पिली, तर तो आपल्या बरोबरीचा होतो.

कोणी म्हणेल, मग झाले तर! नाही हो. नाथ 1599 साली गेले. त्यांचे जोहार आम्ही शतकानुशतके ऐकले, माना डोलावल्या, आणि पंढरीच्या देवळाचे दार चोखोबांच्या भाऊबंदांना बंदच ठेवले. ते उघडावे म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषण करावे लागले. म्हणजे मनाने दुसऱ्याच्या घरी जाऊन आलो, पण हाताने कडी काढली नाही, तर ते गेलेले फुकट.

आता त्या वाटेवरच्या माणसाकडे वळू. हा रोग पूर्वजन्मीच्या पापाचा, असे अजून बोलतात. हॅन्सन यांनी 1873 सालीच त्याचा जंतू दाखविला. बहुतेकांच्या अंगी त्याला तोंड देण्याची शक्ती असते, आणि सहा महिने ते वर्षभर गोळ्या घेतल्या की रोग जातो. वाकडी बोटे मात्र तशीच राहू शकतात. ती जुन्या जखमेच्या वणासारखी. बऱ्या झालेल्या माणसापासून लागण होत नाही. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण कायद्यातून 2019 साली काढून टाकले. कायद्याने कडी काढली. आमच्या मनाची कोण काढणार? आणि पापाचाच हिशेब धरायचा, तर निष्पाप म्हणून पंढरीस जाणारा आमच्यात कोण आहे?

म्हणून वारकरीहो, पुढच्या वारीत एवढे करावे. क्षणभर थांबावे. ही बोटे माझी असती, तर टाळ मी कसा धरला असता, हे मनात आणावे. मग त्याचे गाव पुसावे, नाव पुसावे, आणि तो सांगेल ते ऐकावे; आपल्या कल्पनेपेक्षा त्याचे सांगणे खरे. पंगतीत शेजारी जागा करावी.

आणि उठताना त्यालाही माउली म्हणावे, वाकून, पायांना हात लावून.

राम कृष्ण हरि.