पाव फेरा

आमच्याकडे पाणी पहाटे येतं. शिवडीच्या चाळीत वाढलेल्या माणसाला त्यासाठी गजर लागत नाही. आधी पाइपातली हवा सुटते, सुस्कारा टाकावा तसा आवाज होतो, मग पाणी माळ्यावरच्या टाकीत पडू लागतं. त्या दिवशी मात्र मी त्याच्याही आधी जागा होतो. बेसिनखाली थेंब पडत होता. सेकंदाला एक, फार तर. रात्री खाली तांब्या ठेवला होता. तो काठोकाठ भरला होता.

शेजारचे काका आले. त्यांचं सगळं आयुष्य गोदीत फिटर म्हणून गेलं. मी पाना पुढे केला. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि जुनं फडकं मागितलं. नळाची शेपटी, नट, कनेक्शन पाइप, सगळं कोरडं पुसलं आणि वरून खाली हळूहळू बोट फिरवत आणलं.

"थेंब पडतो तिथं गळती नसते रे. ती वर असते. पाणी पाइपावरून ओघळत येतं आणि वाट संपली की पडतं."

कनेक्शन पाइपाचा नट त्यांनी सोडवला. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे पाचसहा वेढे होते. आतला वायसर वाळलेल्या सालीसारखा कडक झालेला. टेप आणि जुना वायसर त्यांनी दोन्ही काढून टाकले. या सांध्यात टेपचं कामच नाही, म्हणाले. टेप लागते ती भिंतीतल्या अँगल कॉकला, कारण तिथे आट्यांतूनच पाणी निसटू बघतं. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरायचं आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वेढे घ्यायचे, म्हणजे कॉक बसवताना टेप सुटत नाही, घट्ट होत जाते. पूर्वी याच कामाला धागा आणि सफेदा असे. पण बेसिनखाली पाणी अडवतो तो वायसर. नट त्याला फक्त जागेवर धरून ठेवतो.

हे मी इतकी वर्षं एकच समजत होतो. धरून ठेवणं आणि अडवणं. घट्ट धरलं की गळणार नाही, असं वाटायचं. आमचं आधीचं बेसिन मी असंच तडकवलं होतं. नळाच्या बुडाशी थोडी ओल दिसली म्हणून चेकनट आवळला, दुसऱ्या दिवशी आणखी आवळला. तिसऱ्या दिवशी भोकापासून काठापर्यंत केसासारखी रेघ उमटली. चिनी माती वाकत नाही. ती सहन करते आणि मग एकदम फुटते. तेव्हाही नळाखालचा रबर बदलायला हवा होता. दुकानात तो सुट्ट्या पैशांत मिळतो.

"जहाजातसुद्धा हेच," काका म्हणाले. "लोखंडाला लोखंड कितीही दाबून लाव, पाणी वाट काढणारच. मध्ये गास्केट लागतं."

कितीही घासूनपुसून घेतलेल्या धातूवर बारीक उंचवटे आणि खड्डे राहतात. रबर दबतं, त्या खड्ड्यांत शिरतं, आणि पाण्याला वाट उरत नाही. ते दबतं म्हणूनच अडवतं. कडक झालेला वायसर तुटलेला नसतो, जागचा हललेलाही नसतो. त्याचं फक्त दबणं थांबलेलं असतं.

आबिद सुरतींची आठवण आली. चित्रकार, लेखक, 'ढब्बूजी'चे जनक. बालपण डोंगरीत गेलं, पाण्याच्या बादलीसाठी होणारी भांडणं त्यांनी तिथे पाहिली. 2007 पासून हे गृहस्थ मीरा रोडला रविवारी प्लंबरला बरोबर घेऊन घरोघर जात, दार वाजवत, नळ गळतोय का विचारत. गळत असेल तर फुकट दुरुस्त करून देत. एवढा मोठा माणूस एका थेंबासाठी अनोळखी घराच्या दारात उभा राहतो, हे वाचलं तेव्हा मला फार मोलाचं वाटलं होतं. आज तांब्याकडे बघताना त्याहून जास्त वाटलं. तानसा धरणाचं पाणी 1892 साली मुंबईत आलं. भातसा, वैतरणा ही धरणं नंतरची. शंभरेक किलोमीटरवरून हे पाणी बहुतेक वाट नुसत्या उताराने चालत येतं. आणि माझ्या घरात, शेवटच्या वितीवर, ते सांडत होतं.

काकांनी नवा वायसर बसवला. नट बोटांनी फिरवला, फिरेनासा होईपर्यंत. मग पहिल्यांदा पाना घेतला आणि पाव फेरा दिला. पाना खाली ठेवला.

"बस?"

"बस. पुढचा जोर त्याला नको असतो."

जाताना त्यांनी बेसिनखाली वर्तमानपत्राचं पान अंथरलं. सकाळी बघ, म्हणाले.

रात्री दोनदा उठलो, पण दिवा लावला नाही. पहाटे पाइपाने सुस्कारा टाकला, टाकीत पाणी पडायला लागलं. मी खाली वाकलो आणि कागदावर तळहात फिरवला, काकांनी पाइपावरून बोट फिरवलं होतं तसा, हळू. कागद कोरडा होता. तरी हात थोडा वेळ तिथेच राहू दिला.