जुनीं भिंगें आणि दोषांचें मोल

गरजेपोटीं घेतलेल्या वस्तूचा दोष गुण म्हणून सांगणें हा अप्रामाणिकपणा होय काय? भूमसारख्या तालुक्याच्या गावीं लग्नकार्याचें चित्रण करणारा तरुण नव्या आरसाविरहित कॅमेऱ्यास जुनें भिंग जोडतो, तेव्हां हा प्रश्न उभा राहतो. १९८५ नंतर आपोआप नेम साधणारीं भिंगें रूढ झालीं आणि हातानें फिरवावयाचीं अडगळींत पडलीं. म्हणून तीं स्वस्त. एम-४२ जातीच्या भिंगास सुमारें ४५.५ मिलिमीटर अंतर लागतें, सोनीच्या नव्या कॅमेऱ्यांत तें १८ असतें; मधली जागा एक पोकळ कडें भरून काढतें. सोव्हिएट ‘हेलिऑस ४४’ मध्यें समोरून उजेड येतांच चित्र धूसर होतें. कित्येक रसिक यालाच सौंदर्य म्हणतात.

तसें म्हणण्यास हरकत नाहीं. मात्र दोष कोणाच्या पदरीं पडतो, हें पाहिलें पाहिजे. कोल्हापुरांत बाबूराव पेंटर यांनीं १९१८ त स्वतः कॅमेरा घडविला. १९२० त त्यांची ‘सैरंध्री’ पडद्यावर आली. प्रेक्षकांनीं पाहिलें तें चित्र, घडणीचे कष्ट नव्हेत. आपल्या खर्चानें आपल्या कलेंत धूसरता पत्करणें ही अभिरुचि होय. परंतु लेकीचा चेहरा स्पष्ट दिसावा म्हणून पैसे मोजणाऱ्या पित्याला तीच धूसरता न सांगतां देणें ही फसवणूक होय.