विचारायचं कुणाला?

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर खरी गर्दी होते ती रात्री अकरा ते पहाटे तीनच्या दरम्यान. अंग झोप मागत असतं, नेमकं तेव्हाच माणसाला सर्वांत जास्त कागद दाखवायचे असतात, सर्वांत लांब चालायचं असतं आणि सर्वांत जास्त सावध राहायचं असतं. ही वेळ अशी का, याला कारण आहे. दिवसा इथली धावपट्टी देशांतर्गत विमानांनी भरलेली असते. शिवाय युरोपातल्या अनेक विमानतळांवर रात्री विमानं उतरवायला बंदी किंवा कडक मर्यादा आहेत. फ्रँकफर्टला 2011 पासून रात्री 11 ते पहाटे 5 उड्डाणं ठरवताच येत नाहीत. म्हणून मुंबईहून एक-दोन वाजता निघायचं, म्हणजे तिकडे सकाळी उतरता येतं आणि पुढे अमेरिकेचं विमान गाठता येतं. तिथल्या रहिवाशांची झोप राखली जाते, हे योग्यच आहे. कुर्ला, साकीनाका, विलेपार्ले इथल्या माणसांच्या झोपेचा विचार असा कधी झाला नाही, हे मात्र मनाला लागतं.

या विमानतळाला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत; काम एकीवरच चालतं. गर्दीच्या वेळी तासाला 46 विमानं चढतात-उतरतात, म्हणजे साधारण दर ऐंशी सेकंदांना एक. डिसेंबर 2018 मध्ये एका दिवसात इथे हजारावर विमानांची ये-जा झाली होती. भोवती वस्ती इतकी दाट, की विस्तार करायला जागा नाही. एका बाजूला मिठी नदी. 2024-25 या वर्षात सुमारे साडेपाच कोटी प्रवासी या एवढ्या जागेतून गेले. यात ढिलाई कुठेच नाही. एक विमान अडलं की मागची सगळी अडतात. 1 जुलै 2019 च्या रात्री मुसळधार पावसात एक विमान धावपट्टी सोडून पुढच्या चिखलात गेलं, आणि मुख्य धावपट्टी कित्येक दिवस बंद राहिली. त्या दिवसांत प्रवाशांनी काय सोसलं असेल, त्याची कल्पना करता येते.

हे सगळं मी इतक्या विस्तारानं सांगते, कारण प्रवाशाला ते कुणीच सांगत नाही. फलकावर ‘विलंब’ एवढंच येतं. कशामुळे, किती वेळ, आपण काय करायचं, यातलं काहीही नाही. रात्री दोन वाजता दोन लेकरं घेऊन बसलेल्या आईला धावपट्टीचं गणित नको असतं. पण ‘दिल्लीत धुकं आहे, तुमचं विमान तिथून निघालेलं नाही, चारपूर्वी काही होणार नाही, मुलांना झोपवा’ एवढं कुणी म्हटलं तर तिचा अर्धा शीण जातो. आपली माणसं वाट पाहायला कधीच कचरत नाहीत. पाण्याच्या टँकरची, रेशनची, लोकलची, तारखेची, सगळ्याची वाट पाहण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं असतं. त्यांना सोसवत नाही ते काहीच न कळता बसून राहणं.

आणि विचारायचं तर कुणाला? प्रवाशाच्या डोळ्यांना एकच इमारत दिसते. 2014 मध्ये सुरू झालेलं टर्मिनल दोन खरोखरच देखणं आहे. मोरपिसाची आठवण देणारं छत, भिंतीभर मांडलेल्या देशभरच्या कलाकृती. पण या एका छताखाली मालक अनेक आहेत. इमारत चालवते खासगी कंपनी. दारावर आणि तपासणीला सीआयएसएफ, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल. डिसेंबर 1999 च्या कंदाहार अपहरणानंतर, 2000 पासून देशातल्या विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्यानं त्यांच्याकडे आली. पासपोर्टवर शिक्का मारणारं इमिग्रेशन गृह मंत्रालयाचं. कस्टम्स अर्थ मंत्रालयाचं. विमानाला उडायची परवानगी देणारा हवाई वाहतूक नियंत्रण कक्ष विमानतळ प्राधिकरणाचा. विमान कंपनी वेगळी, आणि बॅगा चढवणारी, व्हीलचेअर ढकलणारी माणसं बहुतेकदा आणखी तिसऱ्याच ठेकेदाराची. इमिग्रेशनची रांग हलत नाही म्हणून विमान कंपनीच्या माणसाकडे जावं, तर तो म्हणतो ते आमच्या हातात नाही. तो खोटं बोलत नसतो. प्रत्येकाचं उत्तर आपापल्या जागी खरं असतं, आणि सगळी खरी उत्तरं गोळा करूनही प्रवाशाच्या हाती काही लागत नाही.

आपल्या एसटी स्टँडवर ‘चौकशी’ लिहिलेली एक खिडकी असते. आतला माणूस कधी तिरसट असतो, कधी मान वर न करताच बोलतो. पण महाडची गाडी का आली नाही, हे त्याला माहीत असतं. डेपोला फोन लावायचा अधिकार त्याला असतो, आणि तो कर्ण्यावरून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतो. फाटक्या छपराखाली असलेली ही सोय संगमरवरी टर्मिनलमध्ये का असू नये, हा मला पडणारा साधा प्रश्न आहे. मदतीचे काउंटर आहेत, तिथली मुलं-मुली नम्रही आहेत. पण त्यांना गेट कुठे आणि शौचालय कुठे एवढंच सांगता येतं. त्यापुढचं काही त्यांच्या हाती दिलेलंच नाही.

याचा सर्वांत जास्त त्रास होतो तो म्हाताऱ्या माणसांना. सांगली, नाशिक, डोंबिवली, पणजी, कुठूनकुठून आजी-आजोबा न्यूजर्सीला, डॅलसला, लंडनला निघालेले असतात. लेकीचं बाळंतपण असतं, नातवंडं सांभाळायची असतात. यातले पुष्कळ जण व्हीलचेअर मागतात, आणि त्यावरून त्यांना बोलही ऐकावे लागतात: चालता येतं, तरी खुर्ची कशाला? मला या प्रश्नाचा राग येतो. त्या आजीला चालता येतं. पहाटे उठून ती टेकडी चढते. तिला येत नाही ते इंग्रजी फलक वाचत चार किलोमीटरच्या परक्या इमारतीत, दीड तासात, टर्मिनल बदलून पुढचं विमान गाठणं. खुर्ची ढकलणारा मुलगा हा तिच्यासाठी वाट माहीत असलेला माणूस आहे. खुर्ची तिला नकोच असते. तिला सोबत हवी असते. ही सोबत मागायची दुसरी काही रीत आपण ठेवलेली नाही, म्हणून ती खुर्ची मागते. मग खुर्च्या कमी पडतात, आणि ज्याला खरोखर एक पाऊल टाकणं जड आहे तो ताटकळतो. फेब्रुवारी 2024 मध्ये न्यूयॉर्कहून आलेलं एक वृद्ध जोडपं मुंबईत उतरलं. दोघांसाठीही खुर्ची सांगितलेली होती. मिळाली एकच. पत्नीला खुर्चीत बसवून ऐंशी वर्षांचे गृहस्थ सोबत चालत निघाले आणि इमिग्रेशनपाशी कोसळले. ते वाचले नाहीत. विमान कंपनीला 30 लाखांचा दंड झाला. दंड झाला ते बरं झालं. पण सोबतीची आणि खुर्चीची मागणी वेगवेगळी मोजायला त्यानंतर तरी सुरुवात व्हायला हवी होती. मराठी, गुजराती, तेलुगू, पंजाबी बोलणारे पाच-सहा जण रात्रीच्या पाळीत पन्नास-पन्नास प्रवाशांच्या गटाला घेऊन चालले, तर कितीतरी खुर्च्या मोकळ्या होतील.

वजनकाट्याजवळचं एक दृश्य मला प्रत्येक वेळी अस्वस्थ करतं. बॅग 23 किलोच्या पुढे गेलेली असते. काउंटरवरची मुलगी म्हणते, ‘‘काकू, दोन किलो कमी करा नाहीतर पैसे भरा.’’ मग काकू तिथेच फरशीवर बसून बॅग उघडतात. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, सांडगी मिरची, बाळासाठी शिवलेली झबली, मध्येच स्वतःचे आतले कपडे, सगळं अनोळखी माणसांसमोर बाहेर येतं. काढलेलं पाकीट हातातल्या पिशवीत घालावं तर पुढे तपासणीत अडतं. 2018 पासून अमेरिकेला जाताना 350 मिलिलिटरहून जास्त पूड हातातल्या सामानात असली तर जादा तपासणी होते, आणि शंका राहिली तर ती टाकून द्यावी लागते. हे काकूंना तिकीट काढताना कुणी मराठीत सांगितलेलं नसतं. द्रवपदार्थांवरची 100 मिलिलिटरची मर्यादाही अशीच 2006 मधल्या लंडनच्या कटानंतर आली. या नियमांमागची भीती खरी आहे, मी त्यांच्या विरोधात नाही. पण आईनं महिनाभर खपून केलेली भाजणी कचऱ्याच्या डब्यात टाकताना तिला कारण कळावं, एवढा मान तिला मिळायला हवा. आणि बॅग उघडायला एक पडदा, एक टेबल. मोठ्या इमारतीत एवढी जागा सहज निघते.

राग शेवटी निघतो कुणावर? समोर जी दिसते तिच्यावर. गेटवर उभी असलेली बावीस-तेवीस वर्षांची मुलगी वसईहून किंवा कल्याणहून आलेली असते, घरून निघून तिला दहा तास झालेले असतात. विमान कधी सुटणार, हे तिलाही कुणी सांगितलेलं नसतं. तिच्या हातातल्या वॉकीटॉकीवरून तिला एवढंच कळतं की ‘अजून अर्धा तास म्हणा’. ती म्हणते. अर्ध्या तासानं पुन्हा तेच म्हणते. तिसऱ्यांदा लोक तिच्या अंगावर जातात, मोबाइल काढून तिचा चेहरा टिपतात, आणि ते चित्र गावभर फिरतं. जिनं निर्णय घेतला नाही, जिला तो बदलता येत नाही, तिला पुढे उभं करून अधिकार असलेली माणसं आत बसतात, हे मला उशिरापेक्षाही वाईट वाटतं. प्रवाशांनीही तिच्यावर ओरडू नये, हे मी आवर्जून म्हणेन. तिचं नाव विचारावं, ‘‘ताई, तुमच्या वरचं कोण आहे, त्यांना बोलावा,’’ म्हणावं, आणि त्या वरच्या माणसाशी ठामपणे बोलावं.

ठामपणे बोलायला आधार आहे, तो फार थोड्यांना ठाऊक असतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमाप्रमाणे, उड्डाण किती लांबचं आहे त्यावरून दोन ते चार तासांच्या विलंबानंतर कंपनीनं खाणंपिणं द्यायचं असतं. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, यातलं काय हवं ते प्रवाशानं ठरवायचं. रात्री 8 ते पहाटे 3 या वेळात सुटणारं विमान सहा तासांहून अधिक रखडलं तर हॉटेलची सोयही कंपनीनंच करायची. मात्र हवामानासारखं, कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल तर यातल्या काही गोष्टींत तिला सूट मिळते. जानेवारी 2024 मध्ये दिल्लीच्या धुक्यामुळे गोव्याहून निघालेलं एक विमान मुंबईला वळवावं लागलं. थकलेले प्रवासी खाली उतरून विमानाशेजारीच जमिनीवर बसले आणि तिथेच जेवले. ते छायाचित्र देशभर पाहिलं गेलं, आणि विमान कंपनी व विमानतळ दोघांनाही दंड झाला. त्याच सुमारास महासंचालनालयानं कंपन्यांना बजावलं, की विलंबाची खरी आणि ताजी माहिती प्रवाशांना सतत द्या, आणि ती नीट समजावून सांगायला विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांना तयार करा. म्हणजे कागदावर हे मान्य झालेलं आहे. आता हे हक्क मराठीत, मोठ्या अक्षरांत, गेटजवळ लावले गेले पाहिजेत. आज ते संकेतस्थळाच्या कोपऱ्यात इंग्रजीत असतात.

घाईत असलेल्यांसाठी सोयी वाढतायत. जानेवारी 2025 मध्ये इमिग्रेशनची जलद मार्गिका मुंबईतही आली. आधी ऑनलाइन अर्ज करून बोटांचे ठसे दिले की दारं यंत्रानं उघडतात. चांगलंच आहे. ज्यांना हे जमतं ते पुढे गेले की उरलेल्यांची रांग थोडी आखूड होईल. पण रांगेत उरणार ते कोण, हे नीट पाहायला हवं. पहिल्यांदा जाणारे, एकटे जाणारे, आखातात मजुरीला निघालेले तरुण, साठीच्या पुढचे. यंत्रापुढे ज्यांचं अडतं त्यांनाच माणसाची गरज सर्वांत जास्त असते, आणि माणसंच कमी होत चालली आहेत.

नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 ला झालं, 25 डिसेंबरपासून तिथून विमानं उडू लागली. तिथे अजून मुंबईच्या जुन्या, सहारच्या विमानतळासारखी मध्यरात्रीची झुंबड नाही, म्हणूनच आत्ता हे करून घेता येईल. आंतरराष्ट्रीय प्रस्थानाच्या मजल्यावर एक ‘चौकशी’ हवी, चोवीस तास उघडी, सगळ्या खात्यांच्या वतीनं बोलणारी. तिथे बसलेल्या अधिकाऱ्याच्या छातीवर नाव असावं. त्याला मराठी, हिंदी, इंग्रजी यावं. रात्री दोन वाजता फोन उचलून इमिग्रेशन, सुरक्षा, विमान कंपनी आणि नियंत्रण कक्ष, चौघांकडून उत्तर घ्यायचा अधिकार त्याला लेखी दिलेला असावा, आणि मिळालेलं उत्तर त्यानं दर पंधरा मिनिटांनी फलकावर लिहावं. कारणासकट.