पुराची तयारी गोठ्यापासून

पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की कोल्हापुरात आणि भोवतालच्या गावांत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न असतो, ‘पाणी किती फुटांवर?’ ही मोजणी राजाराम बंधाऱ्यावरची. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी, हे शाळकरी पोरंही सांगतात. राधानगरी धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले, तेही लगेच मोबाइलवर येतं. तरीही २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा हजारो माणसं माळ्यांवर आणि गच्च्यांवर अडकली. ‘लोक सांगून ऐकत नाहीत’ हा ठपका तेव्हापासून दर पावसाळ्यात ऐकू येतो.

हा ठपका मला अन्यायाचा वाटतो. नदीकाठच्या घरातल्या बाईच्या जागी क्षणभर उभं राहून बघा. दावणीला दोन म्हशी, त्यातली एक नुकतीच व्यालेली. आत अंथरुणाला खिळलेली सासू. गाव सोडा म्हणून दवंडी होते, पण निवारा म्हणजे शाळेची खोली आणि तिथे जनावराला जागा नाही. वाहायला टेम्पो नाही, पुढे वैरण कोण देणार याचा पत्ता नाही. पडक्या घराला उशिरा का होईना, मदत मिळते. म्हैस गेली की दूध संस्थेचं दहा दिवसांचं बिल बंद, आणि घरखर्च तर त्याच पैशावर. म्हणून ती म्हणते, अजून फूटभर चढू दे, मग बघू. त्या फूटभरात रस्ता पाण्याखाली जातो, मग उरते फक्त बोट. बोटीत म्हैस चढत नाही. मग दावं कापून तिला पाण्यात सोडून द्यायचं आणि मागे न बघता निघायचं.

इतक्या उशिरा निघणं किती महाग पडतं, ते ८ ऑगस्ट २०१९ला सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ गावानं दाखवलं. पुरातून बाहेर पडणाऱ्या गावकऱ्यांनी खच्चून भरलेली बोट उलटली. बुडालेल्यांत बायका होत्या, लहान मुलं होती.

पूररेषेतली बांधकामं, धरणांतला विसर्ग, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा वाद हे प्रश्न खरे आहेत आणि ते धसास लागलेच पाहिजेत. तोवर नदी मात्र थांबत नाही. तोवर जीव कसे वाचवायचे, हे इतरांनी करून दाखवलं आहे.

१९७०च्या चक्रीवादळात आजच्या बांगलादेशात लाखो माणसं मेली. त्यानंतर तिथे किनाऱ्यालगत मातीचे उंच भराव घातले गेले. ‘मुजीब किल्ला’ म्हणतात त्यांना. माणसांबरोबर गुरंही त्यावर चढतात, हेच त्यांचं मोल. ओडिशात १९९९च्या महाचक्रीवादळानं सुमारे दहा हजार बळी घेतले. २०१९मध्ये फणी चक्रीवादळ आलं तेव्हा बारा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले गेले आणि बळींचा आकडा शंभराच्या आत राहिला. मधल्या वीस वर्षांत तिथे निवारे बांधले गेले, गावागावांत स्वयंसेवक तयार झाले, तालमी झाल्या. निघून जायचं कुठे, हे लोकांना आधीच ठाऊक होतं.

आपल्याकडे पूर ओसरल्यावर मदतीचे ट्रक येतात, आणि देणाऱ्यांची माया खरी असते. पण त्यातला थोडा पैसा मे महिन्यात खर्च झाला, तर पुढचे कितीतरी ट्रक लागणारच नाहीत. गावाच्या वरच्या अंगाला जनावरांसाठी पत्र्याची शेड, आठवडाभराची वैरण, टेम्पोवाल्याशी आधीच ठरलेलं भाडं, कुठल्या घरातलं आजारी माणूस कोण उचलणार याची यादी. आणि गल्लीतल्या विजेच्या खांबावर रंगाचा पट्टा: बंधाऱ्यावर किती फूट झाले की इथे पाणी येतं. बंधाऱ्यावरचा आकडा उंबऱ्याच्या हिशेबात कळला, तर निघायची वेळ ज्याची त्याला ठरवता येईल.

नदीकाठच्या प्रत्येक गावानं १ मेच्या ग्रामसभेत हा विषय पहिला घ्यावा, आणि सरपंचांनी शेडची जागा त्याच दिवशी नक्की करावी.