बेचाळीसपैकी किती?

माणसाचे उद्याचे दुखणे त्याला आज सांगावे काय? हा प्रश्न बहुधा मरणाच्या संदर्भात विचारला जातो. आम्ही तो येथे शौचाच्या संदर्भात विचारणार आहोत. वाचकांनी नाक मुरडू नये. ज्या दीनमध्ये तहारत ही नमाजची पहिली शर्त आहे आणि लहान मुलांना इस्तिंजाचे नियम मोठ्याने पाठ करायला लावले जातात, त्या समाजाला तरी या विषयाची लाज वाटण्याचे कारण नाही.

गुदाशयात कर्करोगाची गाठ निघाली की डॉक्टर तो भाग कापून काढतात आणि वरचे आतडे खालच्या टोकाला जोडतात. हा जोड नाजूक असतो. त्याला विसावा मिळावा म्हणून पुष्कळदा लहान आतड्याचा एक वळसा पोटावर बाहेर काढून तेथे पिशवी लावतात. यालाच स्टोमा म्हणतात. काही महिन्यांनी दुसरे ऑपरेशन करून ते आतडे पुन्हा आत घेतात. घरच्या माणसांच्या भाषेत ‘पिशवी सुटली’. त्या दिवशी मिठाई वाटली जाते, फातेहा होतो. रोग्याला वाटते, आता आपण पूर्वीसारखे झालो.

परंतु गुदाशय ही मळ साठवून ठेवण्याची जागा होती आणि ती आता उरलेली नसते. वरून जोडलेले आतडे ते काम नीट करीत नाही. रेडिएशन दिलेले असेल तर उरलेला भाग कडक होतो, लवत नाही. मग शौचाची भावना एकाएकी येते आणि दम धरता येत नाही. एकदा जाऊन आले की तासाभरात पुन्हा जावे लागते, पुन्हा, आणि पुन्हा. वारा आवरत नाही. काहींना हा त्रास वर्षा-दोन वर्षांत कमी होतो, काहींना तो जन्माचा सोबती होतो. आणि हेही सांगितले पाहिजे की तात्पुरती म्हणून लावलेली पिशवी प्रत्येकाची सुटतेच असे नाही. हॉलंडमधील एका मोठ्या चाचणीतील रुग्णांचा जो हिशेब २००७ साली प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे पाचात एकाची पिशवी कधीच बंद झाली नव्हती.

या त्रासाचे मोजमाप करण्यासाठी डेन्मार्कमधील एमर्टसन आणि लॉरबर्ग यांनी २०१२ साली पाच प्रश्नांची एक गुणपत्रिका तयार केली. ही परीक्षा उलटी आहे. येथे जास्त गुण म्हणजे जास्त हाल. एकूण गुण ४२. वीसपर्यंत त्रास नाही असे धरतात, २१ ते २९ थोडा, ३० च्या पुढे मोठा. आम्ही शिक्षक असल्यामुळे प्रश्नपत्रिका हाती आली की कोणत्या प्रश्नाला किती गुण ठेवले आहेत, हे आधी पाहतो. येथे एकाएकी धाव घ्यावी लागण्याला १६ गुण आहेत. तासाभरात पुन्हा जावे लागण्याला ११. वारा न आवरण्याला ७. दिवसातून किती वेळा, याला फार तर ५. आणि पातळ शौच नकळत गळण्याला अवघे ३.

तीन! आम्ही हा आकडा पुन्हा पुन्हा पाहिला. गुण मनाला येतील तसे ठेवलेले नाहीत. कोणत्या त्रासाने आयुष्य किती नासते, हे डेन्मार्कच्या रुग्णांना विचारून त्यावरून ते काढले आहेत. म्हणजे हिशेब प्रामाणिक आहे. पण तो कोणाच्या आयुष्याचा? पाच वक्ताच्या नमाजी माणसाला विचारले असते तर त्याने काय सांगितले असते? वारा सुटला की वुजू गेला. थेंब गळला की कपडा नापाक. जमाअतमध्ये खांद्याला खांदा लावून उभे राहायचे आणि दुसऱ्या रकातीत पोटात कळ आली तर सफ मोडून निघायचे. त्याच्या गुणपत्रिकेत तीनाचे तीनच राहिले असते असे आम्हाला वाटत नाही.

गंमत अशी, तिला गंमत म्हणायचे तर, की पिशवी असताना त्याची अडचण शरीयतच्या दृष्टीने सोपी होती. हनफी फिकहमध्ये ‘माजूर’ असतो. ज्याचा उज्र एखाद्या नमाजचा पूर्ण वक्त व्यापतो, वुजू करून फर्ज अदा करण्याइतकीही उसंत देत नाही, त्याला प्रत्येक वक्तासाठी एक ताजा वुजू पुरतो. पिशवीत आपोआप पडत राहणाऱ्या मळामुळे वुजू तुटला असे तो मानत नाही. पिशवी सुटल्यावर मात्र तो मधेच अडकतो. जोहरला ठीक, असरला चार वेळा धाव, मगरिबला पुन्हा ठीक. तो माजूर आहे की नाही? आपला मसला मुफ्तीसाहेबांना विचारायचा तर आधी तो बोलता आला पाहिजे, आणि बहुतेकांना हाच बोलता येत नाही.

आमच्या परिचयात शिवणकाम करणारे एक वयस्क चाचा होते. त्यांची पिशवी शहरातल्या एका रुग्णालयात बंद झाली. पुढे काय होऊ शकते ते डॉक्टरांनी मुलाला सांगितले होते, आणि मुलाने, बापाचा जीव कशाला खचवायचा म्हणून, ते आपल्यापाशीच ठेवले. चाचांनी पहिल्या महिन्यातच मशिदीत जाणे सोडले. त्यांना वाटले रोग परत आला. मग वाटले आपण खाण्यात चूक केली. त्यांनी एकेक पदार्थ सोडत आणला, शेवटी भात आणि पातळ वरण एवढेच उरले. मग वाटले ही कोणत्या तरी गुनाहची सजा आहे. वर्ष उलटल्यावर दुसऱ्या एका डॉक्टरांकडून त्यांना कळले की हे असे होतच असते. ते आम्हाला म्हणाले, “तकलीफ तो होनीच थी मास्टर, पहले बोल देते तो मैं अपने आप को तो नहीं कोसता.”

न सांगण्याची किंमत ही अशी असते. दुखणे तेवढेच राहते आणि त्यावर अपराधाचे ओझे चढते.

आता पुढची गोष्ट. २०१८ साली ब्रिटन आणि डेन्मार्कमधील रुग्णांच्या नोंदींवरून असा एक तक्ता तयार झाला की ज्यायोगे हे गुण ऑपरेशनच्या आधीच अजमावता येतात. त्याचे नाव पोलार्स. रुग्णाचे वय, स्त्री की पुरुष, गाठ गुदद्वारापासून किती सेंटीमीटरवर आहे, गुदाशयाभोवतीचा भाग पूर्ण काढायचा की काही अंशी, पिशवी ठेवायची काय, रेडिएशन द्यायचे काय, एवढे भरले की आकडा निघतो. गाठ जितकी खाली तितका आकडा वर, रेडिएशनने आणखी वर. येथे आमच्यातील कोणी म्हणेल की उद्याचे ज्ञान अल्लाहलाच. सूरे लुकमानच्या अखेरच्या आयतीत आलेलेच आहे की उद्या आपण काय कमावणार हे कोणताही जीव जाणत नाही. अगदी खरे. पण तक्ता गैब सांगत नाही. तुमच्यासारख्या अनेकांचे काय झाले एवढेच तो सांगतो. मृगाच्या तोंडावर आभाळ पाहून धानाची नर्सरी टाकणारा शेतकरी गैबचा दावा करीत नसतो. ‘इन्शाअल्लाह सब ठीक होगा’ हे आपल्या इराद्याबद्दल बोलायचे वाक्य आहे. समोरच्याचा प्रश्न बंद करण्यासाठी ते वापरणे आम्हाला योग्य वाटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सांगितल्याने माणूस घाबरेल, ऑपरेशनच नाकारील, जंगलातल्या एखाद्या पुजाऱ्याकडे जाऊन बसेल. मुलचेऱ्यासारख्या तालुक्यात, जेथून चंद्रपूर किंवा नागपूर गाठणे हेच एक ऑपरेशन असते, ही भीती खोटी नाही. गाठ काढणे टळले तर जीव जातो. म्हणून कोणत्या वेळी आणि कशा रीतीने सांगायचे याचा विवेक ठेवायला हवा, हे आम्ही मान्य करतो. पहिल्या ऑपरेशनआधी एवढे तरी बोलले जावे की शौचाची सवय पूर्वीसारखी राहणार नाही. आकडा हवा असेल तर तोही द्यावा. आणि पिशवी बंद करण्याआधी तर सारे काही. कारण तेव्हा घाई नसते. पिशवीसहच जगायचे असाही मार्ग समोर असतो, आणि काही माणसे तो समजून उमजून पत्करतात. बंद करायची ठरले तर गुदद्वाराच्या स्नायूंचे व्यायाम, जुलाब आवरणारी औषधे, पाण्याने आतडे धुण्याची रीत यांची तयारी वेळेवर करता येते.

परंतु सांगणाऱ्याने आधी विचारावे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या रोगाच्या तज्ज्ञांना विचारले गेले की रुग्णांना सर्वांत जास्त काय छळते. त्यांनी पातळ शौच गळण्याला आणि किती वेळा जावे लागते याला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले, आणि एकाएकी येणारी धाव व पुन्हा पुन्हा जाणे यांना कमी लेखले. रोज रुग्ण पाहणाऱ्यांचा अंदाज चुकला. मग रोवणीच्या दिवसांत चिखलात दिवसभर वाकणाऱ्या बाईचा, मे महिन्यात तेंदूपाने तोडायला पहाटे जंगलात जाणाऱ्या माडियाचा, आठवडी बाजारात मासळी घेऊन बसणाऱ्या बंगाली वसाहतीतल्या माणसाचा, आलापल्लीहून एस.टी.त बसलेल्या मास्तराचा दिवस कसा जातो, हे विचारल्यावाचून कोणाला कळणार? दर चार मैलांवर शौचालय असलेल्या मुलखातले १६ गुण या मुलखात किती होतील?

आणि विचारायचे कोणाला, हेही ठरलेले असावे. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात निकाल दिला. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका सज्ञान स्त्रीचे गर्भाशय दिल्लीत तिच्या आईच्या संमतीने काढले गेले होते. न्यायालयाने म्हटले की जीवावरचे संकट नसताना आईची संमती चालत नाही. रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबता आले असते. आपल्याकडे रुग्ण पूर्ण शुद्धीवर, खाटेवर बसलेला असतो, आणि बोलणे त्याच्या मुलाशी चाललेले असते. ‘मला काही सांगू नका’ असे म्हणण्याचा हक्क रुग्णाला जरूर आहे, पण तो त्याचा आहे, मुलाचा नव्हे.

या भागात त्यात एक अडचण आणखी आहे. डॉक्टर मराठी किंवा हिंदी बोलतात. रुग्ण माडिया, बंगाली, तेलुगू, नाहीतर आमच्या घरची दखनी. मधे दुभाषा लागतो, आणि तो दुभाषा बहुतेक वेळा तोच मुलगा असतो ज्याला बापापासून गोष्ट लपवायची असते. डॉक्टर पाच वाक्ये बोलतात, तो एक सांगतो. बाप मान हलवतो आणि कागदावर अंगठा देतो.