गुरू दिसत नाही तेव्हा

शहादा तालुक्यातले प्रकाशा हे तापी आणि गोमाईच्या संगमावरचे गाव. खानदेशात त्याला दक्षिणकाशी म्हणतात. केदारेश्वराच्या घाटावर दशक्रियेला, अस्थिविसर्जनाला माणसे येतात. बी. के. थापर यांनी १९५५ मध्ये इथल्या पांढरीच्या टेकाडात उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाणयुगापर्यंत जाणारे वस्तीचे थर हाती लागले. गावाच्या पूर्वेला गौतमेश्वराचे जुने देऊळ आहे. गुरू सिंह राशीत आला की तिथे बारा वर्षांनी सिंहस्थाची जत्रा भरते. नाशिक-त्र्यंबकचा सिंहस्थ साऱ्या देशाला ठाऊक आहे, प्रकाशाचा मात्र खानदेशाबाहेर फारसा कोणाच्या गावी नाही. पुराणे तापीला सूर्याची मुलगी आणि शनीची बहीण मानतात. म्हणजे सूर्यकन्येच्या पाण्यात उतरून गुरूचा योग साधायचा, असे हे पर्व आहे.

हा निव्वळ मुहूर्ताचा मामला, ध्यानाशी त्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो आकाशातच दिसतो.

सिंहस्थातली मोठी स्नाने सूर्यही सिंहेत असताना, श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास येतात. सूर्य आणि गुरू एकाच राशीत, म्हणजे गुरू सूर्याच्या तेजात बुडालेला. पंचांगाच्या भाषेत त्याचा अस्त. २०१५ मध्ये गुरू-सूर्याची युती २६ ऑगस्टला झाली आणि नाशिकचे पहिले शाही स्नान २९ ऑगस्टला. लाखो माणसे ज्या ग्रहासाठी पाण्यात उतरली, तो त्या दिवशी कोणाच्याही नजरेला पडणे शक्य नव्हते. तो कुठे आहे हे मात्र नेमके माहीत होते. न दिसणारी पण ठाऊक असलेली गोष्ट मनात धरून ठेवणे, ध्यानाची सुरुवात इथूनच होते.

चीनमध्ये नेमक्या याच गोष्टीचे एक सविस्तर शास्त्र उभे राहिले. इसवी सन ३६४ ते ३७० या काळात माओशान डोंगराच्या परिसरात यांग शी या साधकाला रात्री सिद्धपुरुष आणि सिद्धस्त्रिया दर्शन देऊन ग्रंथ सांगत, अशी शांगचिंग ताओपंथाची श्रद्धा आहे. ते कागद पुढे ताओ होंगचिंग याने पाचव्या शतकाच्या अखेरीस निगुतीने गोळा केले. त्यांतला एक अभ्यास असा: हृदयात नाण्याएवढे लाल सूर्यबिंब पाहायचे. त्याचे नऊ किरण घशातून दातांपर्यंत चढतात आणि पुन्हा पोटाकडे वळतात. रात्री चंद्र मस्तकात धरायचा. पाच ग्रहांनाही शरीरात घरे आहेत: गुरू यकृतात, मंगळ हृदयात, शनी प्लीहेत, शुक्र फुप्फुसांत, बुध मूत्रपिंडांत. फ्रेंच अभ्यासक इझाबेल रोबिने यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात हे जग प्रथमच नीट उलगडले. आकाशाचे निरीक्षण हे चिनी राजदरबाराचे काम होते. या साधकांनी तेच आकाश एकट्या माणसाच्या देहात आणून ठेवले, ही त्यांची मोठी कामगिरी.

मराठीला यातले अर्धे चांगलेच ओळखीचे आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनी जागी होते, तेव्हा चंद्रामृताचे तळे कलंडते आणि ते अमृत तिच्या मुखात येते. ज्या चांगदेवांच्या योगसामर्थ्याच्या कथा घरोघरी सांगतात, त्यांचे स्थानही याच तापीच्या वरच्या अंगाला, पूर्णेच्या संगमावर आहे. पण नाथपंथी योगाने देहात मुख्यतः सूर्य-चंद्र घेतले. बाकीचे ग्रह पत्रिकेत राहिले, आणि पत्रिकेतल्या ग्रहांची माणसाला बहुधा भीतीच वाटते. साडेसातीच्या नावाने शनीला तेल वाहणारा माणूस शनीकडे कधी मान वर करून पाहत नाही. हे नुकसान लहान नाही. माओशानच्या साधकाला ग्रह पोसतात, आपल्याकडे त्यांची शांत करावी लागते. सिंहस्थातही लग्ने थांबतात खरी, पण जत्रेला जाणारा माणूस पीडा टाळायला जात नाही, गुरूच्या निमित्ताने भरून यायला जातो. म्हणून प्रकाशाची जत्रा ग्रहशांतीपेक्षा ध्यानाला अधिक जवळची वाटते.

मात्र तिचा पाया पाहण्यात होता, हे विसरून चालणार नाही. गुरूची फेरी पुरती बारा वर्षांची नाही, सुमारे ११.८६ वर्षांची आहे. त्यामुळे अधूनमधून सिंहस्थ अकराव्या वर्षीच येतो. चीनमध्येही गुरू हा वर्षाचा तारा, त्याची बारा ठाणी. तिथे लिऊ शिन या गणितज्ञाने दोन हजार वर्षांपूर्वी हा फरक हेरून १४४ वर्षांत १४५ ठाणी धरली. त्याचा आकडा पुरता बरोबर नव्हता, पण गुरू आपल्या हिशेबापुढे धावतो आहे हे त्याने ओळखले होते.

३१ ऑक्टोबर २०२६ रोजी गुरू पुन्हा सिंहेत येतो. त्या सुमारास तो मध्यरात्र उलटल्यावर पूर्वेला, मघेच्या ठळक ताऱ्यापासून फार लांब नसताना नुसत्या डोळ्यांनी दिसतो. मंडप, पाणी, रस्ते यांच्या तयारीबरोबर संगमाच्या घाटावर एखादी रात्र गावातल्या पोरांना तो दाखवण्यासाठी राखून ठेवावी. पुढच्या पावसाळ्याच्या उत्तरार्धात तो सूर्याआड जाईल.