पाड्यापर्यंतचं अंतर

2020 च्या टाळेबंदीत नंदुरबार जिल्ह्यातल्या चिमलखेडीच्या अंगणवाडीत मुलं येईनाशी झाली. पाडे नर्मदेच्या काठाने विखुरलेले, धड रस्ता नाही, त्यात कोरोनाची धास्ती. तिथल्या सेविकेने एका मासेमाऱ्याची होडी मागून घेतली. पोषण आहार आणि वजनकाटा घेऊन रोज सुमारे 18 किलोमीटर वल्हवत ती तान्ह्या बाळांच्या, गरोदर बायांच्या दारी जाऊ लागली. देशभर तिचं कौतुक झालं, आणि ते रास्तच होतं. पण बाळाचं वजन कुणीतरी वेळेवर करावं, हे एका बाईच्या दंडातल्या बळावर का अवलंबून असावं?

सपाटीवर 30 हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर आदिवासी आणि डोंगरी भागात 20 हजारांमागे, असा सरकारी निकष आहे. झुकतं माप आहे खरं, पण त्यात डोकी मोजली जातात, चढ मोजला जात नाही. नंदुरबारच्याच धडगाव-अक्कलकुवा तालुक्यांतल्या दुर्गम पाड्यांतून आजाऱ्याला आजही बांबूच्या झोळीत घालून खांद्यावर आणावं लागतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 36 टक्के मुलं कमी वजनाची आढळली. नंदुरबारमध्ये हे प्रमाण निम्म्याहून जास्त होतं.

दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की मूल तीव्र कुपोषित ठरतं आणि प्रकृती ढासळली असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवलं जातं. तिथे आईने साधारण दोन आठवडे सोबत राहायचं. घरी आणखी दोन लेकरं, बकऱ्या, शेतातली कामं. बुडीत मजुरी मिळाली तरी मागचं घर कोण बघणार? चार दिवसांत बाळाला घेऊन परतणाऱ्या आईला अडाणी म्हणणं सोपं आहे आणि अन्यायाचंही.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी नव्वदच्या दशकात उलटी वाट धरली. त्यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांतल्या बायांनाच नवजात बाळाची ऊब राखायला, जंतुसंसर्ग ओळखायला, वेळप्रसंगी इंजेक्शन द्यायला शिकवलं. नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचं 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. आशाताईंच्या आजच्या गृहभेटी याच कामातून आल्या.

मात्र भेट द्यायला बाळ घरी हवं. पावसाळा सरला की सातपुड्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. गावच्या वहीत नाव असलेलं मूल तेव्हा फडाशेजारच्या पालात असतं. लसीची, वजनाची नोंद त्याच्यामागोमाग तिथे पोहोचली पाहिजे, आणि तिथल्या सेविकेने दंडघेराची पट्टी घेऊन त्या पालात वाकून शिरलं पाहिजे.